खट् असा आवाज येईपर्यंत

जुन्या संगणकाची रॅम, म्हणजे चालू कामं मांडून ठेवायची तात्पुरती जागा, वाढवणं किती सोपं आहे हे जो सांगतो, त्याने ते काम बहुधा नव्या संगणकावर केलेलं असतं. कॅबिनेटची बाजू उघडा, रॅमची पट्टी म्हणजे स्टिक बसवा, बाजू लावा. एकूण वेळ पाच मिनिटं. यात खोटं काहीच नाही. बाजू उघडायला खरंच दोन मिनिटं लागतात, स्टिक बसवायला एक आणि बाजू लावायला दोन. फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये एक अख्खा रविवार असतो, तो हिशेबात धरायचा राहून जातो.

माझ्या मते पहिली चूक स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधीच होते. संगणक रेंगाळला की आपण निदान करून मोकळे होतो: रॅम कमी पडतेय. आधी नेहमीची सगळी कामं उघडून, किती रॅम वापरात आहे ते दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर बघावा. २ जीबीपैकी १.८ जीबी भरलेली आहे आणि हार्डडिस्कचा दिवा अखंड लुकलुकतोय, तर निदान बरोबर. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये सरकवते, आणि फिरत्या डिस्कवरून तो परत आणायचा म्हणजे प्रत्येक पुस्तकासाठी माळ्यावर चढण्यासारखं आहे. पण निम्मी रॅम रिकामी असूनही यंत्र कण्हत असेल, तर तिथे रॅम ओतून काही होणार नाही. तिथे हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिप्सची वेगवान डिस्क लावावी आणि पुढचा लेख वाचू नये.

दुसरा प्रश्न विंडोज ३२ बिटांची की ६४ बिटांची. ३२ बिटांना मेमरीतल्या एकेका बाइटच्या घरांचे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मोजता येतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. त्यातले वरचे पत्ते ग्राफिक्स कार्डाने आणि मदरबोर्डावरच्या (पुढे नुसता ‘बोर्ड’) इतर मंडळींनी आधीच बळकावलेले असतात. म्हणून ४ जीबी बसवली तरी वापरायला मिळते ३ ते ३.५. ८ जीबी बसवली तरीही तेवढीच. बाकीची रॅम स्लॉटमध्ये नुसती बसून राहते. ३२ वरून ६४ बिटांवर जायचं तर विंडोज कोरी करून नव्याने टाकावी लागते, वरच्या वर बदलता येत नाही. त्यातही विंडोज ७ची ६४ बिटांची होम बेसिक आवृत्ती ८ जीबीवर थांबते, होम प्रीमियम १६ वर. स्टार्टर नावाच्या आवृत्तीला २ जीबीच्या पुढचं काही दिसतच नाही.

आता खरेदी. इथे घात करणारी गोष्ट म्हणजे सगळ्या स्टिका दुरून एकसारख्याच दिसतात. डीडीआर२ आणि डीडीआर३ या रॅमच्या लागोपाठच्या पिढ्या. डीडीआर२ला २४० पिना, डीडीआर३लाही २४०च. लांबी तीच. फरक असतो तो मधल्या खाचेच्या जागेत, काही मिलिमीटरचा. पहिलीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५. ही खाच म्हणजे बनवणाऱ्यांनी आपल्यासारख्यांना ओळखून ठेवलेला अडसर आहे. स्टिक बसत नाही म्हणून आपण जोर वाढवतो, आणि ती बसत नाही याचं कारण ती बसू नये अशीच केलेली असते. काही बोर्डांवर तर डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींचे स्लॉट शेजारी शेजारी असतात. दोन्ही भरून चालत नाहीत, एकच प्रकार निवडावा लागतो. सर्व्हरमधून निघालेल्या ‘रजिस्टर्ड’ स्टिका स्वस्तात मिळतात, त्यांचाही मोह धरू नये. घरच्या बोर्डात त्या चालत नाहीत. १.३५ व्होल्टची डीडीआर३एल मात्र १.५ वरही चालते, तिला घाबरायचं कारण नाही.

यापेक्षा खोल खड्डा चिप्सच्या संख्येत आहे, आणि त्यात जाणती माणसंही पडतात. समजा इंटेलच्या जी४१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरचे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या मुख्य चिप्स), दोन स्लॉटांचा डीडीआर३ बोर्ड आहे. मॅन्युअल म्हणतं कमाल ८ जीबी. आपण ४ जीबीच्या दोन स्टिका आणतो, प्रकार बरोबर, खाच बरोबर, आणि तरी डिस्प्ले येत नाही. कारण मॅन्युअल लिहिलं गेलं तेव्हा ४ जीबीची स्टिक म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप्स, प्रत्येक २ गिगाबिटची (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). नंतर चिप्स दाट झाल्या आणि तेवढीच ४ जीबी ८ चिप्समध्ये मावू लागली, प्रत्येक ४ गिगाबिटची. जी४१ला २ गिगाबिटच्या पुढची चिप वाचता येत नाही. बेरीज दोन्हीकडे सारखीच, पण या म्हाताऱ्याला मोठे आकडे दिसत नाहीत. तेव्हा अशा बोर्डासाठी स्टिक घेताना क्षमता विचारायच्या आधी काळे चौकोन मोजावेत. दोन्हीकडून आठ-आठ, तर घ्यावी. डीडीआर२च्या ४ जीबी स्टिकांमध्येही ‘फक्त एएमडीसाठी’ अशी एक जात असते. इंटेलच्या बोर्डात ती लावली की शांतता. विकणारा हे बारीक अक्षरात लिहितो, किंवा लिहीतच नाही.

एवढं झालं की कॅबिनेट उघडायचं. आधी संगणक पूर्ण बंद करायचा. उघडी कामं डिस्कवर जपून झोपणारं हायबरनेट नव्हे, आणि विंडोज ८ किंवा १०मधलं, अर्धवटच बंद करणारं फास्ट स्टार्टअपही नव्हे. रीस्टार्टला देऊन, स्क्रीन काळी झाली की पॉवरचं बटण दाबून धरलं तरी चालतं. मग पाठीमागची वायर काढायची. नुसता बंद केलेला संगणक झोपेचं सोंग घेतलेला असतो, एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून, ५ व्होल्ट बोर्डावर येतच असतात. वायर काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबायचं, म्हणजे उरलीसुरली वीजही जाते. नंतर कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. अंगावरच्या स्थिर विजेचा चटका आपल्याला जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टच्या आसपास. चिप त्याच्या कितीतरी आधी, आपल्याला काहीही न कळता दुखावते. लोकरी स्वेटर घालून, गालिच्यावर मांडी ठोकून हे काम करणाऱ्यांबद्दल मला आदरयुक्त भीती वाटते.

आत काय दिसतं ते सांगत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी तोंडाला रुमाल बांधावा. ब्रशने धूळ झाडायची, स्लॉटमध्ये तोंडाने फुंकर घालायची नाही, कारण फुंकरीबरोबर थुंकी जाते. आणि काहीही हलवण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढायचा. याचं महत्त्व पुढे कळेल.

स्टिक बसवणं हा खरा कसोटीचा क्षण. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर, खाच जुळवायची, दोन्ही अंगठे दोन टोकांवर, आणि सरळ खाली दाबायचं. दोन्हीकडून ‘खट्’ आवाज यायला हवा आणि खिट्ट्या आपण न लोटता आपसूक उभ्या राहायला हव्यात. जुन्या बोर्डाचा स्लॉट आखडलेला असतो. तो इतका जोर मागतो की बोर्ड खाली वाकतो आणि आपला हात कचरतो. तेवढ्यात एका बाजूने खट् होतं. मन म्हणतं, झालं. झालेलं नसतं. एका टोकाने अर्धा मिलिमीटर वर राहिलेली स्टिक हे ‘डिस्प्ले येत नाही’ या तक्रारीचं नेहमीचं कारण आहे. सोनेरी पट्ट्यांची रेघ दोन्ही टोकांना सारखीच बुडालीय का, ते टॉर्च मारून बघावं. अनेकदा ग्राफिक्स कार्ड एका खिट्टीच्या आड येतं, म्हणून तेही काढावं लागतं. म्हणजे आता बिघडू शकणाऱ्या गोष्टी दोन झाल्या.

मग वायर लावून बटण दाबायचं. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळी.

इथे माणसाचा स्वभाव उघडा पडतो. आपण लगेच नव्या स्टिकेला दोषी ठरवतो. चोर सोडून संन्याशाला सुळी. आधी कान द्यावा. बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर तो बोलतो. बायॉस म्हणजे विंडोजच्या आधी जागा होऊन यंत्र तपासणारा, बोर्डावरचा प्रोग्रॅम. तो अवॉर्ड कंपनीचा असेल तर थांबून थांबून येणारे लांब बीप म्हणजे रॅम सापडत नाही. एएमआय कंपनीचा असेल तर तीन छोटे बीप रॅमकडेच बोट दाखवतात. एक लांब, दोन छोटे आले तर मात्र ग्राफिक्स कार्डाकडे वळायचं, जे आपणच मघाशी काढून अर्धवट बसवलेलं असतं. काहीच बीप नाही, तर एक सोपी युक्ती: सगळी रॅम काढून बटण दाबायचं. बोर्ड ओरडला तर तो जिवंत आहे. मुकाच राहिला, तर स्पीकर जोडलाय का ते बघून मग प्रोसेसरच्या चार पिनांच्या पॉवर वायरकडे बघायचं. हात फिरताना तीही निसटते.

बीप रॅमकडे बोट दाखवत असेल, तर खोडरबर. साधा, पांढरा, मऊ. स्टिकेच्या सोनेरी पट्ट्यांवर हलक्या हाताने, एकाच दिशेने, दोन्ही बाजूंनी, आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने चुरा पुसून टाकायचा. याला अंधश्रद्धा म्हणणारे भेटतात. पण वर्षानुवर्षं गरम-थंड होताना पट्टी आणि स्लॉटची पिन एकमेकांवर सूक्ष्म घासत राहतात आणि मध्ये ऑक्साइडचा पातळ थर साचतो. तो निघाला की संपर्क होतो. वाळूचा कण असलेला शाईचा रबर मात्र वापरू नये, तो थरासोबत सोनंही नेतो.

तरीही नाही? मग एक स्टिक, एक स्लॉट. दोन स्टिका आणि दोन स्लॉट म्हणजे चारच प्रयोग. चार प्रयोग कोणीही लक्षात ठेवेल, असं वाटतं ना? तिसऱ्या प्रयोगानंतर हातात एक स्टिक, टेबलावर एक, आणि यातली चालली ती कोणती, हे यंत्रालाही माहीत नाही आणि आपल्यालाही. म्हणून स्टिकेवरच्या लेबलावर आधीच पेनाने ‘अ’ आणि ‘ब’ लिहायचं आणि निकाल कागदावर. ‘अ’ दोन्ही स्लॉटांत चालली, ‘ब’ एकातही नाही, तर ‘ब’ खराब. दोन्ही स्टिका पहिल्यात चालल्या आणि दुसऱ्यात नाहीत, तर दुसरा स्लॉट. इंटेलच्या कोअर आय जातीच्या संगणकांत रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच असतो, तिथे असा मुका स्लॉट बरेचदा प्रोसेसरखालच्या वाकलेल्या पिनेमुळे किंवा वेडावाकडा आवळलेल्या हीटसिंकमुळे (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्यामुळे) असतो. रॅम बदलण्याच्या कामात प्रोसेसरचा कूलर सैल करायचा, हे कोणी आधी सांगत नाही.

सगळं करून थकलो की बायॉसच्या सेटिंग्ज जपणारा सीमॉसचा सेल काढायची पाळी येते. नाण्याएवढा, ३ व्होल्टचा, सीआर२०३२. वायर काढलेली असताना पाच मिनिटं काढून परत लावायचा, की बायॉस जुनं सगळं विसरतो आणि नवी रॅम नव्या नजरेने बघतो. अनेकदा लगेच डिस्प्ले येतो. आपण आनंदाने उडी मारतो, विंडोजचा लोगो दिसतो आणि निळा पडदा. शेवटी ७बी असलेला आकडा. आता खात्रीच पटते की नवी रॅम खराब आहे.

रॅम बिचारी निर्दोष असते. बायॉस विसरला त्यात साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धतही विसरला. विंडोज टाकली होती एएचसीआयवर, बायॉस परत गेला आयडीईवर, आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखता येईना. डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये जायचं, मोड होता तसा करायचा, तारीख-वेळ लावायची, बूटचा (कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्याचा) क्रम लावायचा. सेल काढण्याआधी बायॉसच्या पानांचेही फोटो काढले असते तर हा निळा पडदा बघावाच लागला नसता. पण डिस्प्लेच येत नव्हता तर फोटो कसले काढणार? म्हणून हे फोटो पहिल्या दिवशी, सगळं ठीक असताना काढायचे असतात. कोणीही काढत नाही.

विंडोज उघडली आणि ८ जीबीपैकी ‘३.२५ वापरण्याजोगी’ असं दिसलं, तर चार ठिकाणं बघायची: विंडोज ३२ बिटांची आहे का, बायॉसमध्ये मेमरी रीमॅप (बळकावलेल्या पत्त्यांखालची रॅम वर हलवून वापरात आणणारी सेटिंग) बंद आहे का, विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत ‘मॅक्झिमम मेमरी’वर बरोबरची खूण आहे का, आणि बोर्डावरचं ग्राफिक्स किती खातंय. यातली तिसरी, ती खूण, बहुतेकदा आपणच कधीतरी, संगणक वेगवान करण्याच्या एखाद्या उपायाला भुलून केलेली असते.

सगळं दिसलं म्हणजे सगळं चांगलं असं नव्हे. मेमटेस्ट ८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून, त्यावरूनच संगणक सुरू करून रात्रभर चालू ठेवावा. चूक दाखवणारी लाल ओळ एक आली काय नि हजार आल्या काय, अर्थ तोच. ‘एवढ्या कोट्यवधी घरांत एकच चूक’ अशी दया दाखवली, की तीच एक चूक पुढे झिप फाइल उघडताना, फोटो जपून ठेवताना किंवा विंडोज अपडेट होताना गाठते, आणि आपण साप म्हणून भुई धोपटत बसतो.

आता एक गंमत. रॅम २ जीबीवरून ८ झाली आणि दुसऱ्या दिवशी सी ड्राइव्ह भरत आल्याने लाल. विंडोज ७ हायबरनेशनसाठी रॅमच्या ७५ टक्के जागा राखून ठेवते. दीडऐवजी आता ६ जीबी. पेजफाइल विंडोजवर सोडलेली असेल तर तीही सुरुवातीला रॅमएवढी, दोनऐवजी ८. म्हणजे ६ जीबी रॅम मिळवली आणि साडेदहा जीबी डिस्क गेली. हायबरनेट वापरत नसाल तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी कमांडने ते बंद करा, ६ जीबी लगेच परत येतात. पेजफाइल छोटी करा, पण पूर्ण काढून टाकू नका.

काढलेली १ जीबीची जुनी स्टिक मात्र फेकू नये. नव्या स्टिकेच्या चकचकीत पिशवीत घालून, वर ‘चालते, पहिला स्लॉट’ असं लिहून कॅबिनेटच्या आतच, तळाशी चिकटवून ठेवावी. पुढच्या वेळी स्क्रीन काळी झाली की खात्रीने चालणारी स्टिक घरात ती एकच असते.