आजोबांची इस्टेट कशी बुडवावी

आजोबांनी घाम गाळून केलेलं दोन पिढ्यांत संपवायचंय? मग आमच्या तासगावच्या भावकीत या, फुकट क्लास चालू आहे.

सगळ्यात आधी, वारसनोंद करू नका. म्हातारा जाऊन जमाना झाला तरी सातबाऱ्यावर त्याचंच नाव राहू दे, तेवढाच मान.

आत्याला साडीचोळी देऊन हक्कसोडवर अंगठा घ्या. 2005 च्या कायद्यानं पोरींना पोरांइतकाच वाटा दिलाय हे तिच्या कानावर जाता कामा नये.

महामार्गात जमीन गेली तर भरपाईतनं आधी गाडी घ्या, मग पोराचं लग्न उडवा, मांडव अर्ध्या गावावर. दुसरीकडं रान घेऊया म्हणणारा तेवढा येडा. तिकडं अमेरिकेत रेल्वेवाला शेठ व्हँडरबिल्ट 1877 ला जवळपास 10 कोटी डॉलर मागं ठेवून गेला, पोरानं ते दुप्पट केले आणि नातवंडांनी महाल बांधत सुटायचं काम केलं, एकाच्या घराला तर 250 खोल्या. आपण काय त्यांच्यापेक्षा कमी आहे का?

आता मेन आयटम, वाटप. जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली सगळ्यांची संमती असली की तहसीलदारासमोर वाटप होतं, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, म्हणून खोडा घालायचा तो इथंच घालायचा. परवा आम्ही सगळे गोळा झालो, आत्या गुडघे धरत जिना चढली, धाकटे काका बिनपगारी रजा टाकून आले, आणि आमचे बंधुराज फोनवर म्हणतात बांध दीड फूट सरकलाय, मी सही करणार नाही. मग फोन स्विच ऑफ. दीड फूट! अरे त्या दीड फुटापायी अख्खी द्राक्षबाग गेली, वाटप झाल्याशिवाय खर्च कुणी करायचा म्हणून एप्रिल छाटणी कुणीच केली नाही, तारा गंजून लोंबायला लागल्यात, अँगल चोरीला गेले, सोसायटीच्या कर्जाचं व्याज मात्र वेळेवर चढतंय. आणि हा गडी व्हॉट्सअपला आजोबांचा फेटेवाला फोटो लावून "आमचा वारसा" लिहितो.

कसला वारसा रे? त्या माणसानं पाण्याच्या पाळीला रात्र रात्र काढली, तुला बॅटरी घेऊन बांधावर जायचा कंटाळा आणि बांधावरनं भांडायला मात्र तयार. दावा लावलास तर तुझी पोरं तारखा मोजतील, माझी पण. शहाणपणा बास कर, मोजणी मागव, निम्मा खर्च मी देतो. सोमवारी परत बोलावलंय. आधार कार्ड घेऊन ये आणि गप सही कर.