पाच हजारांची पावती आणि आठ आण्यांची पिशवी

आज संध्याकाळी स्टेशनबाहेर मेथी घेत होते, तेवढ्यात पालिकेची गाडी आली. ज्या मावशींकडून मी इतकी वर्षं भाजी घेते, त्यांच्या गोणपाटाखाली बंदी असलेल्या पातळ प्लास्टिक पिशव्यांचा गठ्ठा सापडला. पाच हजारांची पावती! मावशींचा दिवसाचा गल्लाही तेवढा नसतो. शेजारच्या कांदेवाल्याने दोन हजार काढून दिले, बाकीचे इकडून तिकडून जमवले. पथकातला पोरगा वर समजावतोय, "मावशी, पर्यावरणाचा प्रश्न आहे."

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

हा दंड आला राज्याच्या प्लास्टिकबंदीच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेतून. पहिल्यांदा सापडलात तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तुरुंग. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीबद्दलही लिहिलं होतं, ते कुणाला आठवतंय? पिशवी जाड हवी आणि ती परत घेण्याची किंमत तिच्यावर छापायची, किमान ५० पैसे. म्हणजे रिकामी पिशवी द्या, आठ आणे घ्या. दंड तीन महिन्यांत रस्त्यावर उतरला. आठ आण्यांचं काय झालं? २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री विधानसभेत सांगत होते की राज्यात रोज एक कोटी दुधाच्या पिशव्या फेकल्या जातात, महिनाभरात परतीची योजना सुरू करू. कुणाच्या हातावर पडले का आठ आणे? माझ्या तरी नाही पडले.

आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. पहाटे आरेच्या दूध केंद्रावर जायची पाळी माझी. कार्ड आणि दोन रिकाम्या बाटल्या न्यायच्या, दोन भरलेल्या आणायच्या. काचेची जाड बाटली, वर पातळ पत्र्याचं चंदेरी बूच. ते अंगठ्याने दाबलं की खाली साय चिकटलेली असायची, ती जिन्यातच चाटून टाकायची. एकदा त्या चाटण्याच्या नादात बाटली हातातून सुटली. दुसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत दूध. मी रडत वर गेले. आई दुधाबद्दल एक शब्द बोलली नाही. म्हणाली, "आता उद्या रिकामी बाटली कुठून आणणार?"

हे मी पोरांना इतक्यांदा सांगितलंय की आता ती हसतात. पण बघा ना, आईला काळजी रिकाम्या बाटलीची होती! आज माझ्या ओट्यावर रोज दोन पिशव्या रिकाम्या होतात आणि त्यांची किंमत शून्य. कात्रीने कापलेला कोपरा तर मोरीतच जातो. भंगारवाला किलोवर घेतो, पण किलोभर पिशव्या धुऊन, वाळवून साठवणार कोण?

आणि हे जमत नाही असं सांगू नका. तमिळनाडूतल्या नीलगिरीत २०२२ पासून सरकारी दारू दुकानात बाटलीमागे दहा रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली आणली की परत देतात. कोर्टाने दट्ट्या दिला म्हणून, पण देतात. उटीत दारूची बाटली दुकानात परत येते आणि आमची दुधाची पिशवी गटारात! काय बोलायचं?

हो, माहितेय. मावशींकडच्या पिशव्या बेकायदा होत्या. २००५ च्या २६ जुलैला नाले कशाने तुंबले होते तेही माहितेय, त्या रात्री मी दादरहून कंबरभर पाण्यातून चालत आलेय. काचेच्या बाटल्या जड असतात, फुटतात, धुवायला पाणी लागतं, हेही मान्य. झालं?

पण मग पिशवी बनवणाऱ्याला कुणी विचारलं का? केंद्राने पिशवीची जाडी आधी ७५ मायक्रॉन सांगितली, मग १२०, आणि राज्यात तर हातातली पिशवी सरसकट बंद. मावशींनी मायक्रॉन मोजायचे कशाने, अंगठ्याने? त्या पिशव्या कुठल्यातरी कारखान्यात तयार झाल्या, टेम्पोत भरल्या गेल्या, कुणीतरी त्या घाऊक बाजारात विकल्या. या सगळ्या वाटेवर एकही गाडी आडवी आली नाही, ती थेट मेथीच्या जुडीपाशी येऊन थांबली. मोठ्या कंपन्यांची आपल्या प्लास्टिकची विल्हेवाट लावायची जबाबदारी सरकारी पोर्टलवर असते. दुसऱ्याने प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकचं प्रमाणपत्र विकत घेतलं की झालं. मावशींना कुठल्या पोर्टलवर प्रमाणपत्र मिळेल?

जाऊ दे. बीपीची गोळी घेतली, आता जरा शांत झालेय. त्या पथकातल्या पोराचाही राग नाही, त्याला दिवसाचं टार्गेट असेल. जाताना मावशींना "येतो" म्हणाला बिचारा, जसा काही पाहुणा.

माझी बाटली फुटली त्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडची एक जादा बाटली दिली होती. उसनी. पुढचे दोन महिने आई मला रोज विचारायची, काकूंची बाटली परत केलीस का.

मावशींनी पावतीची घडी घालून कमरेच्या पैशांबरोबर ठेवली. पैसे भिजू नयेत म्हणून त्या ते एका दुधाच्या पिशवीत ठेवतात. स्वच्छ धुतलेली, कडेने नीट कापलेली पिशवी.

आणि कमेंटमध्ये "कापडी पिशवी वापरा" लिहिणार असाल तर थांबा. माझ्याकडे कापडीच होती. मेथी अजून तिच्यातच आहे, निवडायची राहिलीय.