सुनेला मधे बोलू देऊ नका

आण्णांना ॲडमिट केलंय ना? मग आधी फोन लावा. गेवराईचे पाव्हणे, परळीचे जावई, झेडपीचे माजी सदस्य, कुणी सुटता कामा नये. डॉक्टर राऊंडला येतील तेव्हा खाटेभोवती माणूस मावायला नको. प्रत्येकानं एकच विचारायचं, "सायेब, टेन्शनचं काम नाही ना?" उत्तर ऐकायची गरज नाही. "लातूरला हलवा", "सोलापूरला न्या", "संभाजीनगरला घाटीत दाखवा" हे निर्णय तसेही बाहेर पानटपरीवरच व्हायचेत.

डॉक्टर विचारतील, "तोंड वाकडं कधी झालं? शेवटचे धडधाकट कधी दिसले?" लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणूस शेवटचा ठीक दिसला तिथून मोजतात. तुम्ही वेळ सांगायच्या भानगडीत पडू नका. मोंढ्यापासून सुरुवात करा. सोयाबीनला भाव मिळाला नाही तेव्हापासून आण्णा खचलेत, धाकटा वाटणी मागतोय, परवा रात्री उसाला दारं धरायला गेले होते, तिथंच हवा लागली असंल. डॉक्टर घड्याळाकडे बघायला लागले की शेवटी म्हणा, "तसं सकाळपासूनच कसंतरी करायलेत."

नेमकी वेळ घरात एकाच माणसाला ठाऊक असते. सहाला चहा दिला तेव्हा बशी नीट धरली होती, साडेसातला सदऱ्याचं बटण लागेना, हे सुनेनं पाहिलेलं असतं. गोळ्या तीच देते, भाकरी किती खाल्ली ते तिलाच माहीत. पण ती मागं डबा धरून उभी आहे, आणि पुढं एवढी जाणती माणसं असताना तिनं तोंड उघडणं बरं दिसत नाही. डॉक्टर तिच्याकडे वळलेच, तर चटकन आडवे व्हा. "तिला काय कळतंय सायेब, मला इचारा."

मग ते तुम्हाला विचारतील, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? त्या इंजेक्शनआधी हे कळणं फार गरजेचं असतं म्हणे. बेधडक सांगा, "एक पांढरी हाय, एक गुलाबी." पाकिटं घरी फ्रीजवर, फाईल पेटीत. बाजारातून आणलेल्या गुडघ्याच्या पुडीचं तर नावच काढू नका. तिच्यात स्टेरॉइड निघालं तर उगाच बोलणी खावी लागतील. मागच्या ॲडमिशनचे कागद हरवले असतील तर हरवू द्या. पेशंटनं किंवा नातेवाइकानं मागितल्यावर 72 तासांत ते द्यावेत असा 2002 पासून नियम आहे, पण अर्ज लिहीत बसायला आपण काय कारकून आहोत?

सिस्टरशी बोलताना चुटकी वाजवावी. पंखा, चादर, डास, खिडकीजवळची खाट, ही तिची खाती. लघवी कमी झाली, रात्रभर बरळत होते, पाणी पिताना ठसका लागतोय, असलं मात्र तिला सांगून तिचा मान वाढवू नका. ते मोठ्या डॉक्टरांसाठी राखून ठेवा आणि ते आले की विसरा. तक्रार असेल तर ड्यूटी बदलताना गाठा. एक सिस्टर दुसरीला पेशंटची माहिती देत असते, दोघी एकदम सापडतात.

आवाज चढवा, कॉलर मात्र धरू नका. दवाखान्यात डॉक्टर-सिस्टरवर हात टाकला तर महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि गुन्हा अजामीनपात्र. माजी सदस्य तेव्हा फोन उचलत नाहीत, एवढं अनुभवी लोक सांगतात.

सुट्टी मिळेल त्या दिवशी सिस्टर गोळ्या समजावून सांगायला येईल. त्या वेळेला सुनेला खाली मेडिकलवर पिटाळा. ऐकायला पुण्याच्या भाच्याला बसवा. शिकलेला आहे, "हो, हो" छान म्हणतो. रात्री घरी सून विचारील, "ही जेवणाआधी द्यायची का नंतर?"

"कागदावर लिहिलंय की, वाच."

कागद भाच्याच्या बॅगेत असतो, आणि भाचा ट्रॅव्हल्समध्ये, नगरच्या पुढं.