सही करण्याआधी मजुरांचंही बोला

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात सध्या चार माणसं जमली की विषय पुनर्विकासाचाच निघतो. परवा कट्ट्यावर नाना तावातावाने म्हणाले, "बिल्डरला स्वच्छ सांगायचं. आपल्या पोरांना कामं दे, नाहीतर सही नाही."

"कसली कामं?" पक्याने विचारलं. तो साइट सुपरवायझर आहे. "वॉचमन, हाउसकीपिंग, फार तर ऑफिसबॉय. सेंट्रिंगला, सळई बांधायला आपल्यातला कोण येतोय?"

"शिकवलं तर येतील की."

"शिकवत कोण बसणार, नाना? स्लॅबची तारीख ठरलेली असते."

मास्तर आयटीआयमध्ये शिकवून निवृत्त झालेत, त्यांना हे सहन होणं शक्य नव्हतं. "शिकवणं म्हणजे मेहरबानी नव्हे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर कंत्राटी धरून एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. आपली इलेक्ट्रिशियन, प्लंबर झालेली पोरं घरी बसलीत. त्यांना विद्यावेतन देऊन साइटवर घ्या, एवढंच मागा. सरसकट कोटा मागू नका. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला होता, तो उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला."

"आणि स्थानिक म्हणायचं कुणाला?" शैलाताईंनी मध्येच विचारलं. त्या वस्तीत बालवाडी चालवतात. "सकाळी बांधकामाच्या मजुरीसाठी नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बायका जालन्याच्या, यवतमाळच्या. मानखुर्दला राहून वीस-वीस वर्षं झाली त्यांना. नाना, त्या परक्या कशा?"

नानांचा राग मला कळतो. डोळ्यांसमोर टॉवर उभे राहतात आणि घरातला पोरगा रिकामा फिरतो, हे सोसवत नाही. पण माझ्या मते आपण चुकीच्या माणसाशी भांडतोय. आपल्या पोराच्या वाटचं काम बिगाऱ्याने घेतलेलं नाही. त्याला स्वतःलाच त्या कामाचं पूर्ण मोल मिळत नाही.

उपकराचंच घ्या. १९९६ च्या कायद्याने सुरू झालेल्या या उपकरापोटी बांधकाम खर्चाच्या एक टक्का रक्कम मजुरांच्या कल्याणासाठी जमा करावी लागते. चाळीस कोटींची इमारत असेल तर चाळीस लाख. त्यातून कल्याणकारी मंडळ मुलांना शिष्यवृत्ती देतं, बाळंतपणाला मदत करतं, कामावर मृत्यू झाला तर वारसांना पाच लाख देतं. पण हे सगळं नोंदणी असेल तरच, आणि नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या माणसाचा मालक रोज बदलतो. मुकादम हजेरी वहीत लिहितो, पैसे हातात देतो आणि विसरतो. नव्वद दिवसांवर सही कोण करणार? पैसा गोळा होतो आणि ज्याच्या नावाने होतो त्याच्यापर्यंत पोचत नाही. देशभरात असे हजारो कोटी पडून राहिले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये सरकारांना फटकारावं लागलं.

"दाखला पेटी कंत्राटदाराने, म्हणजे कंपनीच्या हाताखालच्या छोट्या कंत्राटदाराने द्यायचा असतो," पक्या म्हणाला. "कंपनी कुठे कुठे बघणार?"

"अरे, सिमेंटच्या गोणीचा हिशेब कंपनी ठेवते," शैलाताईंचा आवाज चढला, "आणि माणसाचा नाही? गेटवर नाव लिहून घ्या, नव्वद दिवस भरले की कंपनीनेच दाखला द्यावा. खर्च कसला त्यात?"

पक्या गप्प झाला. मग म्हणाला, "बरोबर आहे. मस्टर, म्हणजे हजेरीपट, आमच्याकडे असतंच."

पाळणाघराचंही तसंच. पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तरच ते सक्तीचं, असं तोच १९९६ चा कायदा २०२५ पर्यंत सांगत होता. आपल्याएवढ्या इमारतीवर पन्नास बायका कधीच नसतात. मग तान्हं पोर वाळूच्या ढिगाशेजारी झोपतं आणि आई एका डोळ्याने त्याच्याकडे बघत घमेली वाहते. मुंबई मोबाईल क्रेशेस ही संस्था १९७२ पासून बांधकामांवरच पाळणाघरं चालवतेय, म्हणजे करता येत नाही असं काही नाही. पोर सुरक्षित असलं तर ती बाई टाइल बसवायला, रंगकामाला शिकू शकते. आज कितीही वर्षं काम केलं तरी बाई बिगारीच राहते आणि तिच्यानंतर आलेला पुरुष गवंडी होतो. कंपनीला गरिबांसाठी काही करायचंच असेल तर ते इथे करावं. गणपतीत वह्यावाटपाचा बोर्ड लावून हे साधत नाही.

"पण बिल्डर आपलं का ऐकेल?" नानांनी विचारलं.

"कारण जमिनीचा करार आपल्याशी आहे," मास्तर म्हणाले. "५१ टक्के सभासदांची संमती लागते. कॉर्पस म्हणजे सोसायटीचा निधी, भाडं, घराचा जास्तीचा कार्पेट एरिया, सगळं आपण घासाघीस करून लिहून घेतो. बोटींना वाट हवी म्हणून वरळीचे कोळी अडून बसले, तेव्हा कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांतलं अंतर साठ मीटरचं एकशेवीस झालं. त्यांची मागणी एकशेसाठची होती, पण झालं तेही मागितलं म्हणूनच."

शेवटी तीन कलमं ठरली: नव्वद दिवसांचा दाखला कंपनीने द्यायचा, पन्नासची अट न धरता पाळणाघर चालवायचं, आणि वसाहतीतल्या आयटीआयच्या पोरांना शिकाऊ म्हणून घ्यायचं. नानांना चौथं हवं होतं, सिक्युरिटीत तरी आपली पोरं. ते वेगळं बोलू म्हणून ठेवलं.

"लिहाल हो, पण पाळतंय का ते बघणार कोण?" पक्या म्हणाला.

"मी दर शनिवारी मस्टर बघायला येईन," शैलाताई म्हणाल्या.

"गेटवरूनच परत पाठवतील तुम्हाला."

"मग सोसायटीच्या माणसाला आत सोडायचं, हेही करारात लिहा."

रविवारच्या सभेत नाना हा मसुदा मांडणार आहेत.