'जॉज'बद्दलच्या मेसेजचा खुलासा

'शेकडो थिएटरांत एकाच वेळी लागलेला पहिला सिनेमा म्हणजे जॉज' असा मेसेज फिरतोय. दोन वर्षांपूर्वी मीही तेच लिहिलं होतं. ते चूक होतं. 1972 मध्ये 'द गॉडफादर' काही दिवसांतच अमेरिकेत तीनशेहून जास्त थिएटरांत पोचला होता.

'जॉज' 20 जून 1975 ला तिथल्या 409 थिएटरांत लागला. वेगळेपण होतं ते टीव्हीवरच्या जाहिरातींत: प्रदर्शनाच्या तोंडावर त्यांवर सुमारे सात लाख डॉलर खर्च झाले. त्या यशानंतर स्टुडिओ मोठे सिनेमे उन्हाळ्यासाठी राखू लागले. हे श्रेय खरंच मोठं आहे, त्याला खोट्या 'पहिल्या'ची गरज नाही. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. माझी जुनी पोस्टही मी काढली आहे.