रखडणारे लोह किती आणि ते कुठे सोडवायचे?

नमस्कार. टायटॅनियमयुक्त लोहखनिजाच्या पेलेटपासून (भुकटीच्या भाजलेल्या गोळ्यांपासून) हायड्रोजनसारख्या वायूच्या साहाय्याने स्पंज आयर्न, म्हणजे न वितळवता मिळवलेले सच्छिद्र लोह, करण्याची मी भलामण केली, त्यावर आपले दोन आक्षेप आहेत : या खनिजाचे क्षपण (ऑक्सिजन काढून लोह सुटे करणे) शेवटी इतके रखडते की वायू वाया जातो, आणि कोकवर चालणाऱ्या नेहमीच्या झोतभट्टीने टायटॅनियमशी जुळवून घेतलेच आहे, तर हा नवा खटाटोप कशासाठी?

क्षपण रखडते हे खरेच, पण नेमके काय रखडते ते पाहायला हवे. अर्धवट क्षपण झालेली पेलेट कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर लोहाचे पांढरे चकचकीत ठिपके आणि त्यांच्याभोवती करडे ऑक्साइड दिसते. लोह सुटत जाते तसतसे या ऑक्साइडमधील टायटॅनियमचे प्रमाण वाढत जाऊन गाडी इल्मेनाइटपाशी, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या संयुक्त ऑक्साइडपाशी, अडते. 1000 अंश सेल्सिअसला साध्या वुस्टाइटमधून (टायटॅनियमविरहित लोह ऑक्साइडमधून) लोह सोडवताना हायड्रोजनचा सुमारे 40 टक्के हिस्सा कामी येऊ शकतो, इल्मेनाइटच्या बाबतीत मात्र जेमतेम 10 टक्के. भट्टीत पेलेट जास्त वेळ ठेवून हा समतोल बदलत नाही.

आता ढोबळ हिशेब करू. समजा, 100 ग्रॅम खनिजात 57 ग्रॅम लोह आणि 8 ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड आहे. हे 8 ग्रॅम म्हणजे 0.1 मोल (मोल हे अणू-रेणूंची संख्या मोजण्याचे एकक), आणि इल्मेनाइटमध्ये टायटॅनियमच्या प्रत्येक अणूमागे लोहाचा एकच अणू असल्याने तिथे अडकणारे लोह 5.6 ग्रॅम, म्हणजे एकूण लोहाच्या दहाव्या भागाइतके. (मॅग्नेशियम लोहाची जागा घेत असल्याने हा आकडा थोडा हलतो.) उरलेले नव्वद टक्के सोडवणे वायूला जमण्यासारखे आहे. टायटॅनियम डायऑक्साइड 13 टक्के आणि लोह 54 टक्के असेल, तर अडकणारा हिस्सा 17 टक्क्यांवर जातो. अशा खनिजापुरता आपला आक्षेप निश्चितच जड आहे.

पण हा शेवटचा हिस्सा वायूनेच सोडवावा, असा आग्रह का? न्यूझीलंडमधील ग्लेनब्रुक येथे काळ्या लोहवाळूचे क्षपण अनेक दशके कोळशाने, फिरत्या भट्टीत झाले आणि वितळण विजेच्या भट्टीत. कामाची ही विभागणी वायूच्या मार्गालाही लागू पडते : बहुतेक लोह वायूने सोडवायचे आणि अडकलेला हिस्सा विजेच्या भट्टीवर सोपवायचा.

झोतभट्टीचे म्हणाल, तर चीनमधील पान्झिहुआ येथे ती चालते, हे मान्यच. मात्र कोकच्या सान्निध्यात टायटॅनियमचे कार्बाइड आणि नायट्राइड तयार होऊन धातुमळी (वितळलेल्या लोहावर तरंगणारा मळ) घट्ट होते, आणि त्या मळीतील 20 ते 25 टक्के टायटॅनियम डायऑक्साइड किफायतशीरपणे वेगळे काढणे अवघड जाते. वायूच्या मार्गात कोकची राख नसल्याने मळी टायटॅनियमने अधिक समृद्ध मिळू शकते. शिवाय न सुटलेले थोडे लोह ऑक्साइडच्या रूपात मळीत राहिले, तर तेच तिला पातळ ठेवते आणि कार्बाइड होण्याला आळा घालते.

हे लोह गरजेपेक्षा जास्त राहिले, तर या खनिजातील व्हॅनेडियम हा मौल्यवान धातूही वितळलेल्या लोहात न उतरता मळीतच राहतो. माझ्या मते या मार्गाची खरी कसोटी तिथे आहे, क्षपणाच्या वेगात नव्हे.