'दगडाचा स्वभाव' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

'एक इतिहासप्रेमी' या टोपणनावाने लिहिणाऱ्या महोदयांस, नमस्कार.

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की ताजमहालाचं निम्मं सौंदर्य त्याच्या दगडाच्या पृष्ठभागात आहे आणि तो पृष्ठभाग आपण काजळीने घालवत चाललो आहोत. त्यावर तुम्ही लिहिलंत: "ताई, ओट्यावरच्या मार्बलपलीकडे दगड पाहिला नसला की असं हळवं लिहून होतं. संगमरवर वयानुसार पिवळा पडतोच, तो दगडाचा स्वभाव आहे. फोटो मुद्दाम संध्याकाळचा लावलाय. ताजसाठी आग्र्यातल्या मजुरांच्या चुली विझल्या, त्याबद्दल चकार शब्द नाही. आणि आपल्या दारातला बीबी का मकबरा कोण बघणार?"

सगळ्यात आधी, ते 'ताई' मी आदरार्थी समजले असते, पण पुढच्याच शब्दाला तुम्ही मला ओट्याशी नेऊन उभं केलंत. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर त्याला "दादा, दाढी करताना आरशापलीकडे काही पाहिलंत का" असं विचारलं असतंत? नसतं विचारलंत. मतभेद जरूर असावेत, मला त्याचं वावडं नाही. या ब्लॉगवर कडक प्रतिक्रिया मी आजवर उडवलेल्या नाहीत, तुमचीही उडवलेली नाही, हे ध्यानात घ्या.

फोटोबद्दलचं म्हणणं मान्य. उतरत्या उन्हात दगड आहे त्याहून पिवळा दिसतो. दुपारचा फोटो होता माझ्याकडे, तो आता लावला आहे. झालं समाधान?

आता 'दगडाचा स्वभाव'. काढलाच आहे विषय, तर ऐका. माझे वडील मार्बलचे व्यापारी. नाशिकला आमचं गोडाऊन होतं आणि माझ्या कॉलेजच्या सुट्ट्या तिथे बिलं फाडण्यात गेल्या. राजनगर, अंबाजी, मकराणा, या गावांच्या खाणींचा संगमरवर. आणि मकराण्यातही डुंगरी कुठला, अल्बेटा कुठला, हे मी स्लॅबवर ओला फडका फिरवून ओळखायला शिकले. गिऱ्हाईक मकराण्याला जास्तीचे पैसे का मोजतं, ठाऊक आहे? तो पिवळा पडत नाही म्हणून. पिवळा पडतो तो लोहाचा अंश असलेला, खालून पाणी ओढणारा हलका माल. मकराणा म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्साइट, म्हणजे संगमरवराचं मूळ चुनखडी खनिज. शहाजहानने आग्र्याला हाच दगड नेला, इंग्रजांनी कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलला हाच वापरला. तेव्हा स्वभावाच्या गोष्टी मला सांगू नका.

बरं, ओटा काढलात तर ओट्यावरूनच सांगते. पॉलिश केलेल्या संगमरवरावर लिंबू पिळा आणि पाच मिनिटांनी पुसा. तेवढ्या जागेची चकाकी गेलेली असते, हाताला खरखरीत लागतं. तो डाग वर बसलेला नसतो, तिथला दगडच विरघळलेला असतो. हवेतल्या गंधकाच्या धुराला दमट हवा मिळाली की संगमरवराचं हेच होतं, फक्त सावकाश. कॅल्साइटचं जिप्सम बनतं आणि त्याचा पापुद्रा सुटतो. मथुरेची रिफायनरी १९८२ साली सुरू झाली तेव्हा तज्ज्ञांना धास्ती होती ती याची.

पिवळेपणाची गोष्ट आणखी वेगळी आहे. पुरातत्त्व खातं, आयआयटी कानपूर आणि अमेरिकेतलं जॉर्जिया टेक यांच्या संशोधकांनी २०११-१२ च्या सुमारास ताजच्या आवारात संगमरवराचे कोरे तुकडे ठेवले आणि नंतर ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सापडली धूळ आणि कार्बनचे कण. काळा कार्बन इंधन जळल्याचा. तपकिरी कार्बन लाकूड, गोवऱ्या, कचरा जळल्याचा. तो प्रकाशातला निळा भाग गिळतो आणि दगड पिवळट दिसतो. कोऱ्या तुकड्यांवर हे बसलं, महोदय. त्यांचं वय ते काय होतं!

आणि स्वभावच असेल तर मुलतानी मातीच्या लेपाने तो बदलतो कसा? १९९४ पासून पुरातत्त्व खात्याची विज्ञान शाखा अधूनमधून हा लेप लावते. ओली माती पातळ थापायची, वर प्लॅस्टिक झाकायचं, वाळून पापुद्रे सुटले की मऊ ब्रशने काढायचे आणि ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचं. खालून पांढरा दगड निघतो. २०१६ च्या उन्हाळ्यात यमुनेतल्या घाणीवर पोसलेल्या किड्यांनी ताजच्या नदीकडच्या भिंतींवर हिरवे ठिपके केले होते. ते ठिपके तुमच्या हिशोबात दगडाचा तारुण्यसुलभ स्वभाव असावेत.

हे सगळं मला झोंबतं, कारण ताजचं गारूड नुसत्या आकारात नाही. हा दगड प्रकाश थोडासा आत घेतो आणि मग परत देतो. आत गाईड लाल अकीकाच्या पाकळीवर मोबाईलचा दिवा टेकवतो तेव्हा पाकळी आतून पेटते आणि भोवतीचा संगमरवरही दिव्यापुरता उजळतो. पहाटे गुलाबी, दुपारी डोळे दिपवणारा, चांदण्यात निळसर, हे जे सगळे सांगतात ते याच गुणामुळे. वर काजळीचा थर बसला की उरतो तो नुसता घुमट. पौर्णिमेच्या आगेमागे तिकीट काढून रात्री ताज बघायला जाणारे लोक घुमटाचा आकार बघायला जात नाहीत.

मजुरांच्या चुलींबद्दल. ३० डिसेंबर १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २९२ कारखान्यांना कोळसा-कोक सोडून गॅसवर या, नाहीतर ताजभोवतीच्या टापूबाहेर जा, असं बजावलं. त्याच निकालात कामगारांच्या हक्कांबद्दलही लिहिलं आहे. सवड काढून वाचा. त्याची अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय आहे आणि माझा लेख दगडावर होता. चार ओळींच्या प्रतिक्रियेत मजूर, मकबरा, माझा स्वयंपाकघरातला वावर असं सगळं कोंबायचं आणि मग समोरच्याने प्रत्येकाचं साग्रसंगीत उत्तर द्यायचं, ही अपेक्षा मी पुरी करणार नाही.

राहिला मकबरा. 'आपल्या दारातला' म्हणताना तो संगमरवरी आहे असा तुमचा समज दिसतो. तिथे संगमरवर घुमटाला आणि खाली इजाऱ्यापर्यंत, म्हणजे भिंतीच्या तळच्या पट्ट्यापुरता. मधलं बरंचसं काम काळ्या दगडावर चुन्याच्या गिलाव्याचं. त्याचा वास्तुकार अताउल्ला हा ताजच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, पण बापाला मिळालेला पैसा आणि दगड मुलाला मिळाला नाही. तिथे दुखणं आहे ते गिलाव्याचं. तो फुगतो, सुटतो, नक्षीसकट खाली येतो. लेप लावून ते बरं होत नाही, त्याला चुन्यात हात बसलेला गवंडी लागतो. मकबऱ्यावर लिहायचं माझ्या मनात केव्हापासून आहे आणि लिहीनही. मात्र ते तुम्ही टोचलंत म्हणून लिहिलं, असं कृपया खाली येऊन सांगू नका. आणि तेव्हा तरी प्रतिक्रिया खऱ्या नावाने द्या.